साडेनऊ हजारांचं कॉलेज पॅकेज घ्यावं का?

प्रश्न : आम्ही न्यूजर्सीत राहतो. मुलगी दहावीत आहे, २०२८च्या फॉलमध्ये कॉलेजला जाईल. धाकटा सातवीत. दोघांचाही जन्म इथलाच. आमचं दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न १,८५,००० डॉलर. मुलीच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) ६२,००० आहेत, त्यातले ३८,००० आम्ही भरलेले. तिच्या नावावर यूटीएमए खात्यात (मुलांच्या मालकीचं, मोठ्यांनी सांभाळायचं खातं) ७,००० आहेत आणि आमच्या बचत खात्यात ३०,०००. पुण्यात भाड्याने दिलेला एक फ्लॅट आहे. एक खासगी कॉलेज काउन्सेलर बारावीपर्यंतचं पॅकेज ९,५०० डॉलरला देतो आहे, निम्मे पैसे आगाऊ. ओळखीतल्या बहुतेकांनी असं काहीतरी घेतलं आहे. पैसे ५२९मधून काढावेत, की वर्षभर निवृत्तीच्या ४०१के खात्यात भरणं बंद ठेवावं?

उत्तर : पॅकेज घेऊ नका, आणि त्या दोन्ही खात्यांना हात लावू नका. काउन्सेलर अजिबातच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. तासावर घ्या, मोजके तास घ्या. पण त्याआधी एक काम घरीच उरकायला हवं, ते म्हणजे कुठलं कॉलेज तुमच्या घराला नेमकं कितीला पडेल हे काढणं. मोठे पैसे तिथे ठरतात, निबंधाच्या सहाव्या मसुद्यात नाही.

आधी पैसे कुठून, ते बघू. खासगी काउन्सेलरची फी ५२९च्या पात्र खर्चात बसत नाही. तुमच्या खात्यात ६२,०००पैकी २४,००० वाढ आहे, म्हणजे काढलेल्या प्रत्येक रकमेत जवळजवळ ३९ टक्के वाढ धरली जाते. ९,५०० काढलेत तर त्यातले सुमारे ३,६८० करपात्र. त्यावर २२ टक्क्यांनी केंद्राचा कर ८१० आणि १० टक्के दंड ३७०. राज्याचा कर सोडून ही ११८० डॉलरची पदरमोड झाली. उलट हेच ९,५०० न्यूजर्सीच्या एनजेबेस्ट या ५२९ योजनेत भरलेत, तर २ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या कुटुंबाला वर्षाला १०,०००पर्यंतची वजावट राज्याच्या करात मिळते. तुमच्या उत्पन्नावर पाचशे-सहाशे डॉलर वाचतील. तुमचं ५२९ दुसऱ्या राज्याचं असेल तर आधी हे तपासा.

४०१के थांबवणं त्याहून वाईट. कंपनी जे भरते ते जातं, करातली सवलत जाते, आणि मदतीच्या हिशेबात काही सुधारत नाही, कारण निवृत्तीच्या खात्यांतली शिल्लक फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या मदतीचा अर्ज, धरतच नाही.

अर्जांच्या तयारीसाठी आधी वापरायचे ते यूटीएमएमधले ७,०००. हा पैसा कायद्याने मुलीचा आहे आणि तो तिच्याच कामासाठी खर्च करायचा असतो; परीक्षा, क्लास, काउन्सेलरचे तास, लॅपटॉप सगळं त्यात बसतं. मदतीच्या सूत्रात विद्यार्थ्याच्या नावावरची रक्कम २० टक्क्यांनी धरतात, पालकांची जास्तीत जास्त ५.६४ टक्क्यांनी. म्हणजे हे ७,००० तिच्या नावावर पडून राहिले तर दर वर्षी १,४०० डॉलर ‘कुटुंब भरू शकतं’ या खात्यात जातात. तुमच्या नावावर असते तर ३९५ गेले असते. फाफ्सा भरायच्या आत हे खातं रिकामं झालेलं बरं. त्यात शेअर असतील तर विकण्यापूर्वी नफा किती दिसतोय ते बघा.

आता घरी करायचं काम. केंद्राची मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११पासून आपल्या संकेतस्थळावर कुटुंबाला पडणारा अंदाजी खर्च काढून देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं बंधनकारक आहे. एका रविवारी दोघं बसा. समोर केंद्राच्या कराचा शेवटचा रिटर्न (फॉर्म १०४०) ठेवा आणि ओळ ११वरचा एजीआय, म्हणजे समायोजित एकूण उत्पन्न, घ्या. पगाराच्या डब्ल्यू-२ फॉर्मचा चौकोन १२, कोड डी, इथे ४०१केची वर्षाची रक्कम असते. खासगी कॉलेजं ती विचारतात. ५२९ची शिल्लक पालकांच्या मालमत्तेत घाला, मुलीच्या नाही. ही चूक फार जण करतात आणि आकडा हजारोंनी फुगतो.

शेवटी जो आकडा येतो तो तसाच घेऊ नका. काही कॅल्क्युलेटर विद्यार्थी कर्ज आणि वर्क-स्टडीची (कॉलेजात शिकताना करायच्या कामाची) कमाई ‘मदत’ म्हणून वजा करून दाखवतात. ती रक्कम पुन्हा बिलात मिळवा. कर्ज ही मदत नव्हे. अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा जाऊन जे उरतं तेच तुमचं भाडं-जेवणासकटचं वार्षिक बिल. पाच-सहाच प्रश्न विचारणारा कॅल्क्युलेटर ढोबळ असतो. वीस-पंचवीस प्रश्न विचारणाऱ्यावर जास्त भरवसा ठेवा. धंद्याचं किंवा भाड्याचं उत्पन्न असलेल्या घरांत आकडा चुकतो, आणि तुमच्याकडे भाडं आहे, म्हणून तो बराच इकडेतिकडे होईल असं धरून चाला.

बारा-पंधरा कॉलेजांचे आकडे एका तक्त्यात मांडलेत की चित्र बदलतं. समजा एक कॉलेज वर्षाला २८,०००ला पडतंय आणि दुसरं ५५,०००ला. चार वर्षांत फरक १,०८,००० डॉलर. काही खासगी कॉलेजांचा छापील खर्च आज वर्षाला ९०,०००च्या वर आहे, पण सगळीच घरं तेवढे भरत नाहीत. हार्वर्ड आणि एमआयटीने २०२५-२६पासून सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या, २ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांना ट्यूशन माफ केली आहे; प्रिन्स्टनने ती मर्यादा बहुतेकांसाठी अडीच लाखांपर्यंत नेली. तुम्ही त्यात बसता. मात्र तिथे वीसातल्या एकालाही प्रवेश मिळत नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर घराचा हिशेब मांडता येत नाही. तुमचा खरा प्रश्न मधल्या फळीतल्या खासगी कॉलेजांचा आहे. तिथे गरजेवर फारसं मिळणार नाही, पण गुणवत्तेवर मिळू शकतं. कुठलं कॉलेज ते देतं, हे त्याच्या कॉमन डेटा सेटमधल्या (कॉलेजने जाहीर केलेल्या आकडेवारीच्या दस्तऐवजातल्या) एच-२-ए या तक्त्यात दिसतं: आर्थिक गरज नसलेल्या किती विद्यार्थ्यांना सरासरी किती रक्कम दिली. तो आकडा शून्याजवळ असेल तर तिथून सवलतीची वाट बघू नका. त्याच दस्तऐवजातला सी-७ तक्ता प्रवेशात कशाला किती वजन आहे ते सांगतो. निम्मं काउन्सेलिंग या दोन तक्त्यांत फुकट मिळतं.

कर्जाने भागवू, हा विचार मनात असेल तर नियम बदलले आहेत. विद्यार्थिनीला स्वतःच्या नावावर केंद्राचं कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, मग ६,५००, पुढे दोन वर्षं ७,५००, म्हणजे चार वर्षांत २७,०००. पालकांना केंद्राकडून मिळणाऱ्या प्लस कर्जावर १ जुलै २०२६पासून वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,०००ची मर्यादा आली आहे. त्यापलीकडे खासगी बँकेचं कर्ज, ते सहसा तुमच्या सहीवर. म्हणून यादीत किमान दोन कॉलेजं अशी हवीत, जिथे प्रवेश बहुधा मिळेल आणि बिल ५२९, चालू पगार आणि तिच्या २७,०००मध्ये बसेल. मुलीला ती मनापासून आवडायलाही हवीत, नाहीतर मार्चमध्ये घरात रडारड होते आणि कुणीतरी न परवडणारा होकार देऊन बसतं.

पॅकेजविषयी. त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही आधीच कराच्या रूपाने विकत घेतल्या आहेत: शाळेचा काउन्सेलर, त्याचं शिफारसपत्र, ट्रान्स्क्रिप्ट पाठवणं. सॅटची तयारी खान अकॅडमीवर फुकट आहे आणि कॉलेज बोर्डच्या ब्लूबुक ॲपमध्ये पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा आहेत. दहावीतल्या मुलीसाठी ‘प्रोफाइल उभं करणं’ या नावाखाली जे विकतात, त्याविषयी मला फार काळजी वाटते. ज्यात तिचा जीव नाही अशा पाच उपक्रमांनी कॉमन ॲपमधल्या (अनेक कॉलेजांच्या सामायिक अर्जातल्या) उपक्रमांच्या दहा ओळी भरतात खऱ्या, पण प्रत्येक ओळीला १५० अक्षरंच मिळतात, आणि तीन वर्षं टिकवलेलं एक काम त्यात लगेच उठून दिसतं.

पैसे द्यावेत अशाही परिस्थिती असतात. मुलांना शिकण्यात अडचण आहे आणि योग्य सोयी असलेलं कॉलेज शोधायचं आहे, चित्रकलेचा पोर्टफोलिओ किंवा खेळाडू म्हणून निवड हवी आहे, शाळेनंतर थेट डॉक्टरकीपर्यंत नेणाऱ्या बीएस-एमडीचे अर्ज करायचे आहेत, किंवा शाळेतल्या काउन्सेलरकडे चारशे-पाचशे मुलं आहेत. शाळांतल्या काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० मुलांची आहे. आणखी एक कारण मी अगदी रास्त मानतो: निबंधाचा विषय निघाला की रोज रात्री आई आणि मुलीत वाजत असेल, तर तिसरा माणूस आणण्याचे पैसे सत्कारणी लागतात.

तसं असेल तरी आठ तास पुरतात. दोन तास अकरावीच्या मार्चमध्ये यादीवर, तुमचा किमतींचा तक्ता समोर ठेवून. चार तास बारावीआधीच्या जुलै-ऑगस्टमध्ये ६५० शब्दांच्या मुख्य निबंधावर आणि पूरक निबंधांवर. उरलेले दोन ऑक्टोबरात, अर्ज पाठवण्यापूर्वी शेवटच्या तपासणीला. ठरवण्याआधी विचारा: प्रत्यक्ष मुलीबरोबर कोण बसणार, मालक की त्याच्या हाताखालचा कुणी? मधेच सोडलं तर किती परत? आयईसीए, एचईसीए किंवा एनएसीएसी या काउन्सेलरांच्या संघटनांपैकी कशाचा सभासद? प्रवेशाची हमी देणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. ‘निबंध आम्ही लिहून घेऊ’ म्हणणाऱ्यालाही.

खर्च असा बसेल: तासाला २०० धरून १,६००, सॅट दोनदा, ६८ प्रमाणे १३६, एपीच्या (शाळेतच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) चार परीक्षा, ९९ प्रमाणे ३९६, नऊ कॉलेजांची अर्ज फी साधारण ६५०, सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजांचा मदतीसाठीचा वेगळा अर्ज) चार ठिकाणी, पहिलं २५ आणि पुढचं प्रत्येकी १६, म्हणजे ७३. एकूण २,८५५, सगळे यूटीएमएमधून. उरलेल्यात कॉलेजं बघून येण्याचा तिचा खर्च आणि लॅपटॉप. जुलै २०२५च्या कायद्यानंतर सॅट-एपीची फी ५२९मधूनही भरता येते, पण तुमच्याकडे यूटीएमए असताना तिकडे जायचं कारण नाही.

एका गोष्टीची मात्र घाई आहे. २०२८-२९च्या फाफ्सात २०२६चं उत्पन्न धरलं जाईल, म्हणजे हेच वर्ष. वाढलेले शेअर विकायचे असतील, निवृत्तीचे पैसे रॉथ खात्यात वळवायचे असतील तर यंदा टाळा. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं, आणि फ्लॅट स्वतः गुंतवणूक म्हणून फाफ्सात लिहावा लागतो, कर्ज वजा करून. १ लाख डॉलरची मालकी असेल तर वर्षाला ५,६४०पर्यंतचा फरक पडतो. ‘भारतातलं इथे कोण बघतंय’ हे वाक्य आपल्या मंडळींत फार ऐकू येतं. फाफ्सावरची सही ही केंद्र सरकारपुढची घोषणा आहे. खोट्या माहितीला २०,०००पर्यंत दंड आणि तुरुंगवास आहे. भारतातल्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचं विवरणही भरलेलं हवं. तुम्ही ग्रीन कार्डवर असा की एच-१बीवर, मुलगी नागरिक असल्याने तिची पात्रता शाबूत राहते.

अर्ली डिसिजनबद्दल काउन्सेलर नक्की गळ घालेल, कारण त्यात प्रवेशाची शक्यता वाढते. ते बंधनकारक आहे: मुलगी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर तिघं सही करतात, आणि डिसेंबरात होकार आला की इतर अर्ज मागे घ्यावे लागतात. मदत अपुरी पडली तर सुटता येतं, पण दुसऱ्या कॉलेजचा देकार हातात नसल्याने घासाघीस करता येत नाही. त्या कॉलेजचा कॅल्क्युलेटरचा आकडा तुम्ही आजच्या पगारातून, गुणवत्तेची एक दमडीही न धरता भरू शकत असाल तरच तिथे अर्ली डिसिजन करा. नसाल तर बंधन नसलेलं अर्ली ॲक्शन.

धाकट्याचं गणित यातच येतं. मुलगी शेवटच्या वर्षाला असताना तो पहिल्या वर्षाला असेल. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की मिळणारी सूट केंद्राच्या सूत्रातून २०२४-२५पासून काढून टाकली आहे. सीएसएस वापरणारी काही कॉलेजं ती अजून देतात. त्याच्या नावाने वेगळं ५२९ नसेल तर याच वर्षी उघडा, आणि पॅकेजचा पहिला हप्ता म्हणून बाजूला काढलेले ४,७५० त्यात टाका.