टेंभा मिरवणे

‘विद्वत्तेचा टेंभा मिरवणे’ यातला टेंभा म्हणजे नेमके काय, आणि फुशारकीशी त्याचा संबंध कसा जुळला, असा प्रश्न आला आहे.

टेंभा म्हणजे मशाल. काठीच्या टोकाला जुनेरांच्या चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, तेलात भिजवायच्या आणि पेटवायच्या. हा जाळ आपला आपण टिकत नाही. धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात तेलाचे भांडे लागते, आणि मधूनमधून धार सोडली नाही तर चिंध्याच जळून जातात. खंडोबाच्या भक्तांच्या देवघरात दिवटी-बुधली असते ती हीच जोडी. दिवटी पेटवायची, बुधलीतून तेल घालायचे. गोंधळातही दिवटी अशीच जागती ठेवतात.

आता हा जाळ जुन्या काळच्या रस्त्यावर आणून पाहा. वाटेवर कुठे दिवा नाही. कष्टकरी माणूस दिवेलागणीच्या आत घर गाठायचा. रात्री निघणे भागच असेल तर चांदणे बघून बेत करायचा. घरातही तेल जपून वापरायचे, जेवणे उरकली की दिवा मालवायचा. अशा अंधारात एखाद्याच्या पुढे टेंभा चालला आहे, म्हणजे त्याच्याकडे नुसते जाळायला तेल आहे, आणि ते जाळत पुढे चालायला माणूसही आहे. ज्याचा टेंभा, त्याच्या हातात तो कधीच नसे! गावात हे काम न्हाव्याकडे येई, बड्यांच्या पदरी मशालजी असत. पालखी आणि अबदागीर यांच्या जोडीने दिवटीही मानाची खूण होती.

‘मिरवणे’ इथे चपखल बसते ते यामुळेच. पायाखालची वाट दिसायला लहानसा उजेडही पुरला असता. टेंभा मात्र गावाला लांबून सांगायचा, की कोणी मोठा माणूस येतो आहे. माझ्या मते हा वाक्प्रचार टेंभेवाल्याने घडवलेला नाही. अंधारात कडेला उभे राहून बघणाऱ्यांनी तो घडवला. बोचरेपणा त्यात पहिल्यापासून असणार.

मुंबईत 1865 मध्ये रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. तिथून हळूहळू उजेड रस्त्याच्या मालकीचा झाला, खालून कोणीही जावे. पुढे रॉकेल घरोघर पोचले. ‘गॅसलाइट’वरून आलेला ‘घासलेट’ हा शब्द त्यालाच चिकटला. टेंभा गेला, वाक्प्रचार राहिला.

वापराबद्दल एवढेच, की टेंभा ज्याचा मिरवायचा ती गोष्ट बहुधा मानाची असते: विद्वत्ता, मोठेपणा, घराणे. ‘साधेपणाचा टेंभा’ हा प्रयोगही मला बिनचूक वाटतो, कारण त्यात साधेपणाच मानासाठी मिरवलेला असतो. नुसत्या रागाचा किंवा आळसाचा टेंभा कोणी मिरवत नाही.

याच कुळातला आणखी एक शब्द म्हणजे ‘पाजळणे’. मूळ अर्थ पेटवणे, प्रज्वलित करणे. दिवा पाजळतात, दिवटी पाजळतात. ‘अक्कल पाजळणे’ किंवा ‘ज्ञान पाजळणे’ म्हणताना आपण तोच जाळ पेटवत असतो. फरक इतकाच, की टेंभा मिरवणाऱ्याजवळ थोडीफार विद्वत्ता असू शकते. अक्कल पाजळणाऱ्याजवळ ती असल्याचे बोलणारा मुळीच मान्य करत नाही.