आधी बोलणी खायची, मग चिवडा

वजन कमी करायचं ऑपरेशन करण्याआधी माणसाची मानसिक तयारी बघायची, हे माझं काम. वजनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायका, आणि आता पुरुष पण, दोन गोष्टी हमखास सांगतात. पहिली म्हणजे "मॅडम, माझ्यात विल पॉवरच नाही, ऑपरेशन केलं तरी मी त्याची वाट लावणार." दुसरी जरा लाजत लाजत, की रात्री मोबाईलवर तो अमेरिकन शो बघते. कुठला ते विचारावं लागत नाही. टीएलसी चॅनेलवरचा 'माय सिक्स हंड्रेड पाउंड लाइफ', 2012 साली सुरू झाला आणि अजून त्याच्या क्लिप्स फिरतायत. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा हेच ऐकलं म्हणून ठरवलं, लिहूनच टाकते. नाव-गाव, तपशील सगळे बदललेत, आणि जिची ही गोष्ट आहे तिने आधी वाचून हो म्हटलंय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सहाशे पाउंड म्हणजे आपले साधारण 272 किलो. एवढ्या वजनाची माणसं टेक्सासमधल्या ह्यूस्टनला डॉ. नौझारादान नावाच्या सर्जनकडे जातात, मूळचे इराणचे, वय झालेले, बोलायला एकदम फटकळ, लोक त्यांना 'डॉक्टर नाऊ' म्हणतात. एपिसोडचा साचा ठरलेला. सकाळी उठतानाचे हाल, दुसऱ्याच्या मदतीने आंघोळ, लहानपणीची दुखरी गोष्ट, मग लांबचा गाडीचा प्रवास आणि वाटेत बर्गर, मग तो मोठ्ठा वजनकाटा, मग हातात 1200 कॅलरीचा डाएट. पुढच्या वेळी वजन उतरलं नसेल तर डॉक्टर जे काही बोलतात ते. ज्यांचं उतरतं त्यांचं ऑपरेशन, बाकीच्यांना परत पाठवणी. साधारण एक वर्ष दीड-दोन तासांत संपतं. त्यात आमच्या व्यवसायातला माणूस येतो तो दोन-चार मिनिटांसाठी, टिश्यूचा बॉक्स टेबलावर, पेशंट रडतो, सीन कट. मला दर वेळी राग येतो. रडण्यापर्यंत कोणीही आणतं हो, खरं काम त्याच्या पुढे असतं आणि ते कॅमेऱ्यात दिसण्यासारखं नसतं. 2020 मध्ये शोमधल्या काही जणांनी निर्मात्यांवर कोर्टात दावे केले, त्यात मानसिक आधार मिळाला नाही अशीही तक्रार होती, मला तरी त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

तर सुनीता. डोंबिवलीची, वय 38, बँकेत नोकरी, उंची पाच फूट दोन इंच, वजन 108 किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 43 च्या पुढे. नुकतीच शुगर निघालेली. सर्जनने ऑपरेशनला योग्य आहे म्हणून सांगितलं आणि त्याआधी मानसिक तयारी बघायला माझ्याकडे पाठवलं. आली ती फाईल छातीशी धरून, खुर्चीच्या कडेवर बसली, आणि पहिलंच वाक्य तेच, विल पॉवरचं. मी विचारलं, विल पॉवर नाही हे कशावरून? तर म्हणे "मॅडम, तुम्ही तो शो बघा, ती माणसं ऑपरेशन करून पण परत वाढवतात, मी पण त्यातलीच."

मी तिला आधी एक सरळ माहिती दिली, कारण अर्धी भीती माहिती नसल्याची असते. तिचं व्हायचं होतं तसल्या, 'स्लीव्ह' नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात, आणि जो भाग काढतात तिथेच भुकेचं एक हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार होतं, म्हणून जागा पण कमी होते आणि भूक पण. उलट नुसतं उपाशी राहून, घाम गाळून वजन उतरवलं तर शरीर काय करतं ते दुसऱ्या एका अमेरिकन शोच्या लोकांवर बघितलं गेलंय. 'द बिगेस्ट लूजर'चे 14 स्पर्धक सहा वर्षांनी तपासले, त्याचा अभ्यास 2016 मध्ये आला. बहुतेकांचं वजन परत वाढलेलं, आणि त्यांचं शरीर स्वस्थ बसून जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा रोज जवळजवळ 500 कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतर पण! आता याला विल पॉवर म्हणायचं का? सुनीताने मान हलवली, छान नोट्स पण काढल्या, आणि घरी जाऊन काही फरक पडला नाही. माहितीने डोकं पटतं, हात डब्यातच जातो.

दुसऱ्या सेशनला मी तिला खाण्याची वही ठेवायला सांगितली. तिसऱ्याला ती वही कोरी घेऊन आली. आणि इथे माझी चूक झाली ती सांगितलीच पाहिजे. मी हसत हसतच म्हटलं, "अहो, एवढं पण नाही का झालं? ऑपरेशननंतर तर आयुष्यभर गोळ्या, प्रोटीन, सगळं पाळायचंय." ती लगेच "हो मॅडम, सॉरी मॅडम, चुकलंच माझं." इतक्या गोड आवाजात, की मला वाटलं वा, समजूतदार आहे. त्या रात्री काय झालं ते मला दोन आठवड्यांनी कळलं.

चौथ्या सेशनला मी सुचवलं, तुम्ही बघता तो शो आपण दोघी मिळून बघू, तुमच्याच मोबाईलवर. आधी ओशाळली, मग लावला. मी स्क्रीनकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. आंघोळीचा सीन आला, तिने नजर खिडकीकडे वळवली. गाडीतलं खाणं आलं, ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागली. मग काटा, मग डॉक्टर आले आणि पेशंटला झापायला लागले, आणि सुनीताचे खांदे खाली आले. श्वास सोडला चक्क. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

मी व्हिडिओ थांबवला. "आत्ता काय झालं?"

"कुठे काय?"

"ते ओरडायला लागले आणि तुम्ही टेकून बसलात."

ती थोडं हसली. "बरं वाटतं मॅडम. ते बोलले ना की वाटतं, आता हिचं नीट होणार."

"तुम्हाला पण कोणी असं बोलावं असं वाटतं?"

"वाटतं ना. कोणीतरी चांगलं खडसावलं असतं तर मी सुधारले असते."

"मग आजपर्यंत कोणी खडसावलंच नाही?"

यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "कोणी नाही? मॅडम, रोज."

आणि मग एक गोष्ट आली जी आधीच्या तीन सेशनमध्ये, फॉर्मवर, कुठेच आली नव्हती. आठवीत असताना काकाचं लग्न, घरची शेवटची पंगत. वाढपी श्रीखंड घेऊन आला आणि वडील पलीकडच्या ओळीतून मोठ्याने म्हणाले, "हिला वाढू नका, आधीच बघा कशी झालीय." लोक हसले. आत्याने पानातली वाटी उचलून नेली. सुनीता पण हसली म्हणे, कारण दुसरं काय करणार. रात्री सगळे झोपल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात, उभ्या उभ्या, पातेल्यात हात घालून श्रीखंड खाल्लं. चमचा घेतला नाही कारण चमच्याचा आवाज होतो.

हे सांगताना तिचा उजवा हात थोडासा वाडग्यासारखा झाला होता, तिला कळलं पण नसेल.

मी काहीच बोलले नाही. खरं सांगते, एवढ्या वर्षांत मी काही शिकले असेन तर ते हे, की अशा वेळी तोंड बंद ठेवायचं. पंख्याचा आवाज येत होता. मग तीच हळूहळू म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही वहीवरून बोललात ना, त्या रात्री मी अर्धा किलो चिवडा संपवला. बाथरूममध्ये." परत थांबली. मग, "म्हणजे मी आधी बोलणी खाते, मग बाकीचं खाते."

बोलणी खाणे. आपल्या भाषेतच आहे बघा ते. हा शब्द मी हजार वेळा वापरला असेल, पण त्यात 'खाणं' आहे हे मला त्या दिवशी त्या बाईने दाखवलं. मी तिची माफी मागितली, वहीवरून बोलल्याबद्दल. तिला ते फारच विचित्र वाटलं, कारण तिच्या खाण्यावरून बोलून कोणी माफी मागितली असं तिच्या आयुष्यात झालंच नव्हतं.

पुढचे सात-आठ सेशन आम्ही खाण्यावर फार बोललोच नाही, ती स्वतःला काय बोलते त्यावर बोललो. कारण एव्हाना वडील लांब, आत्या म्हातारी, पण ओरडण्याचं काम सुनीताने स्वतःच घेतलं होतं आणि कमी पडलं तर रात्री साडेदहाला ह्यूस्टनच्या डॉक्टरांना बोलावत होती. माझी एक जुनी सवय आहे, माणसाच्या वाक्यातले 'च' मोजायचे. 'मी कंट्रोल केलाच पाहिजे', 'मी नालायकच आहे', 'मला जमणारच नाही'. एका वाक्यात माणूस एक चिवड्याची फक्की मारतो, दुसऱ्या वाक्यात त्या फक्कीवरून अख्खा माणूस नापास. मी तिला वाक्यं लिहायला लावली आणि च खोडायला लावले. 'मी आज चिवडा खाल्ला. मला तो खायचा नव्हता.' संपलं. पुढे काही जोडायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो, तिला ते जमायला दीड महिना लागला. आणि गंमत म्हणजे वही आपोआप भरायला लागली. कोरी का राहायची, तर लिहिलं की दिसतं आणि दिसलं की शिव्या.

लोक विचारतात शो बघू की नको. बघा ना, मी काय पोलीस नाही. पण बघून झाल्यावर पुढच्या एका तासात तुमचा हात कुठे जातो तेवढं बघा. आणि 'मी निदान तेवढी तरी नाही' असं वाटून बरं वाटत असेल, तर ते बरं वाटणं फसवं आहे. डॉक्टरकडे जायला 272 किलोची वाट बघायची नसते, आपल्याकडे तर शुगर-बीपी त्याच्या कितीतरी आधी दारात उभं राहतं.

घरच्यांना माझं एकच सांगणं असतं, ताटावर बोलू नका. चांगलं पण नको, वाईट पण नको. सुनीताच्या नवऱ्याला मी बोलावलं तर तो बिचारा म्हणे, "मी तर काळजीने बोलतो." काळजी असेल तर बी-ट्वेल्व्ह, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या वेळेवर आणून ठेवा, त्या कायमच्या असतात. ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतात तेव्हा घाबरवू नका, बहुतेकांचे परत येतात. आणि कोणी चोरून, थांबताच येत नाही असं, भरभरून खात असेल किंवा खाऊन उलट्या काढत असेल तर ते सर्जनपासून लपवू नका, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. सर्जन जठर लहान करून देतो. रात्रीचं चोरून खाणं पोटात नव्हतंच, ते तसंच शिल्लक राहतं, आणि कोणाकोणाच्या बाबतीत मग दारूकडे वळतं, बायपासनंतर (हृदयाचा नाही, वजनासाठीच करतात तो जठराचा) दारू चढते पण लवकर.

सुनीताचं ऑपरेशन झालं, माझ्याकडे पहिल्यांदा आल्यापासून नवव्या महिन्यात. वजन किती उतरलं ते मी विचारत नाही, तिने सांगितलं तर ऐकते. परवा दिवाळीनंतर आली होती. आत्याकडे फराळाला गेली होती म्हणे, आणि तीच आत्या, तीच बरं का, श्रीखंडाची वाटी पुढे करून म्हणाली, "घे गं, आता काय, ऑपरेशन झालंय तुझं." सगळे बघत होते. सुनीताने चमचा मागितला, खाली बसली, सगळ्यांसमोर दोन चमचे खाल्लं, आणि वाटी बाजूला ठेवली.

"छान लागलं?" मी विचारलं.

"आंबट होतं थोडं," ती म्हणाली. "मॅडम, पण चिवड्याचा डबा अजून वरच्या फळीवरच ठेवलाय हं, त्याचं एवढ्यात काही सांगू शकत नाही."