स्टेक चालतो, मग खिमा का नाही?

प्रश्न : २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा आम्ही घरी चिकन आणणे बंद केले होते. अमेरिकेत नोकरी करणारा आमचा मुलगा आतून लालसर राहिलेला स्टेक (बीफचा जाड अखंड काप) खातो, बर्गरमधला खिमा मात्र पूर्ण शिजलेलाच हवा म्हणतो. मांस तेच असताना हा भेद का? आणि चिकनची आमची भीती रास्त होती का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे. निरोगी जनावराच्या अखंड मांसात आतवर सहसा जिवाणू नसतात. कत्तलीच्या वेळी आतड्यांतली वा कातड्यावरची घाण लागते ती पृष्ठभागाला, आणि स्टेकचा पृष्ठभाग तव्यावर चांगला भाजला जातो. त्याच मांसाचा खिमा केला की बाहेरचे जिवाणू आत मिसळतात, शिवाय एका घाण्यात अनेक जनावरांचे मांस एकत्र येते. १९९३ मध्ये अमेरिकेतील ‘जॅक इन द बॉक्स’ या उपाहारगृहांच्या साखळीत कच्चट राहिलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची बाधा ७०० हून अधिक लोकांना झाली आणि ४ मुले दगावली. म्हणूनच तिथे बीफचा खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवण्याची शिफारस आहे, आणि ते तापमान थर्मामीटरनेच पाहावे लागते, कारण रंग फसवा असतो. आपल्या सीख कबाबांनाही हा विचार लागू पडतो.

चिकनला मात्र स्टेकची सवलत नाही. कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू कोंबडीला आजारी न पाडता तिच्या आतड्यांत सुखाने राहतो आणि माणसाला अगदी थोड्या संख्येनेही जुलाब लावतो. त्याच्या आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असल्याने शरीराची प्रतिकारशक्ती क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते; तोच जीबीएस. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हा जिवाणू सापडला होता, परंतु संशय प्रामुख्याने दूषित पाण्यावर होता. तेव्हा चिकन बंद करून पाणी न उकळता पिणे, असे ज्यांनी केले त्यांनी भलतीच खबरदारी घेतली, असे माझे मत आहे.

खळखळ उकळलेल्या रश्शात हा जिवाणू टिकत नाही. धोका त्याआधी असतो : नळाच्या धारेखाली चिकन धुताना बेसिनभर उडणाऱ्या शिंतोड्यांत, आणि ज्या सुरीने तुकडे केले तिनेच कोशिंबिरीचा कांदा चिरण्यात. हळद-मीठ लावल्याने तो मरतो, हा समज सोडावा. चिकन धुवायचेच असेल तर पातेल्यात, शिंतोडे न उडवता धुवावे आणि नंतर बेसिन, सुरी व हात साबणाने धुवावेत. तंदुरी वा बार्बेक्यू केलेल्या चिकनच्या हाडालगतच्या भागाचे तापमानही थर्मामीटरने पाहावे. तिथे ७४ अंश गाठले गेले पाहिजेत.

जुलाबात रक्त दिसले तर जुलाब थांबवणारी गोळी किंवा घरातले उरलेले अँटिबायोटिक घेऊ नये, कारण ओ१५७च्या बाधेत त्यामुळे मूत्रपिंडांचा धोका वाढू शकतो, डॉक्टरांना दाखवावे. जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे उलटल्यावर पायांना मुंग्या येऊन जिना चढणे जड जाऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.