भाव विचारण्याआधी मोटर उघड

प्रिय मित्रा,

मुंबईच्या चोरबाजारातला भाव, इंग्लंडमधल्या लिलावातला भाव आणि जपानी दुकानातला भाव, असे तीन आकडे लिहून तू विचारलंस, यातला खरा कोणता? तिन्ही खरे आहेत. पण ती तीन वेगवेगळी मशीनं आहेत. आणि आजोबांचं एचएमव्ही 102, म्हणजे तुझा तो चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन, तू अजून उघडूनच पाहिलेला नाहीस. आधी मोटर उघड, मग भाव विचार.

जपानी दुकानातलं ते व्हिक्टर या अमेरिकन कंपनीचं क्रेडेन्झा, 1925 चं. कपाटाएवढं धूड, कर्णा आत दुमडलेला. अमेरिकेत अशी कपाटं खूप विकली गेली, त्यामुळे तिथे आजही सापडतात आणि हलवायच्या खर्चापायी लोक ती घ्यायला कचरतात. जपानमध्ये जुन्या तबकड्या निगुतीने ऐकणारी मंडळी आहेत, त्यांना त्याचा आवाज हवा असतो. इंग्लंडच्या लिलावात लंडनचे शौकीन ईएमजी या तिथल्याच कंपनीच्या कागदी लगद्याच्या अजस्र कर्ण्यासाठी हात सैल सोडतात, कारण ती मशीनं मोजकीच आणि हाताने बनलेली.

आणि चोरबाजारात? तिथे पितळी कर्णा विकला जातो. हॉटेलच्या दालनात शोभेला ठेवायचा. पेटी नवी, कुत्र्याचं चित्र नवं, कर्णा पातळ पत्र्याचा, आत कुठल्यातरी पोर्टेबलची मोटर. गिऱ्हाईक वाजवून बघत नाही, म्हणून तो भाव टिकतो. त्या भावाशी तुझ्या काळ्या पेटीची तुलना करू नकोस. राग येतो मला या प्रश्नाचा, तुझा नाही.

मी हे कर्णे कधी विकले नाहीत. घरच्यांनी त्यावरून खूप ऐकवलं. त्यात पैसा होता हे मलाही दिसत होतं. पण एका वाड्यातलं अस्सल कर्ण्याचं मशीन पैशाअभावी माझ्या हातून गेलं, आणि घेणाऱ्याने त्याची मोटर काढून आत दिवा बसवला. ते अजून डाचतं. तेव्हापासून जो मोटरबद्दल विचारत नाही, त्याला मी मशीन देत नाही. याला कुणी हट्ट म्हणो. माझ्याकडून गेलेली मशीनं वाजताहेत.

आता तुझं 102. ते 1931 मध्ये आलं आणि पुढे वीस वर्षांहून जास्त काळ बनत राहिलं. इंग्लंडमध्ये काळं 102 मुबलक, तिथे लाल-निळ्या पेटीला जास्त मागणी. आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या दमट हवेत गंज पकडतो, म्हणून चालू स्थितीतल्या पेटीला मान. ती चालू आहे का? मला काय माहीत! मोटर उघड.

चावी पूर्ण उतरू दे, त्याआधी कशालाही हात लावू नकोस. भरलेली स्प्रिंग बोटं फोडते. टर्नटेबल उचल, मोटर धरणाऱ्या फळीचे स्क्रू सोड. स्प्रिंगच्या डब्याशी ग्रीस वाळून काळं झालंय का बघ. गव्हर्नरची, म्हणजे वेग सारखा ठेवणाऱ्या भागाची, वजनं तिन्ही जागेवर आहेत का, त्यांच्या पट्ट्या मोडल्या तर नाहीत? मग साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरून आवाज काढणारी गोल डबी: तिच्या मागचं रबर कडक झालं असेल तर आवाज कर्कश येईल आणि लोक म्हणतील मशीन खराब. रबर बदललं की तेच मशीन गातं. पोलादी सुई मात्र दर बाजूला नवी घे, काटकसर करून तबकडी कोरू नकोस.

खोक्यातल्या बालगंधर्वांच्या तबकड्या मशीनबरोबर एकगठ्ठा देऊन टाकू नकोस. पुणे, सांगली, कोल्हापूरकडे त्यांना विचारणारा माणूस भेटतो. कोलकात्यात त्याच तबकड्या ढिगात पडतील, तिथे बंगाली गाण्यांना गिऱ्हाईक. तबकड्या उभ्या ठेव, उन्हापासून लांब. उघडलेल्या मोटरचा आणि साउंडबॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. आकडा मी तोपर्यंत सांगणार नाही.

तुझा,
काका