साध्या प्लेटिंगच्या (विजेने धातूचा थर चढवण्याच्या) सेटअपवर पाणी न टिकणारा पत्रा बनवता येतो का?

सोलापूरच्या एमआयडीसीत प्लेटिंग करणाऱ्या तुम्ही हे विचारलंय. हो, तुमच्याकडे आहे तशा तांब्याच्या बाथवर (तांब्याचा थर चढवायच्या द्रावणाच्या टाकीत) पाणी झटकणारा पत्रा बनवता येतो, पण नुसत्या प्लेटिंगने नाही; नंतर स्टिअरिक ॲसिडमध्ये (मेणासारख्या चरबीच्या आम्लात) बुडवावा लागतो. धातूच्या लेपांवर मी प्रयोगशाळेत काम करते, त्यावरून सांगते. स्वच्छ धातूवर पाणी पसरतं. ते टाळायला सूक्ष्म खडबडीतपणा आणि त्यावर मेणचट आवरण, दोन्ही लागतात. कॉपर सल्फेट-सल्फ्युरिक ॲसिडच्या बाथमध्ये करंट नेहमीपेक्षा बराच वाढवला की कॅथोडवर (म्हणजे ज्यावर थर बसतो त्या पत्र्यावर) हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि चकचकीत थराऐवजी फुलकोबीसारखा सच्छिद्र थर बसतो. एरवी ‘जळालं’ म्हणून जो जॉब (प्लेटिंगला घेतलेली वस्तू) आपण बाजूला काढतो, नेमका तसाच इथे हवा! मग कमी करंटवर थोडा वेळ ठेवून थर पक्का करा, धुऊन वाळवा आणि इथेनॉलमध्ये विरघळवलेल्या स्टिअरिक ॲसिडमध्ये बुडवा. खाचांत हवा अडकून राहते, थेंबाचा स्पर्शकोन (थेंबाची कड पत्र्याशी करते तो कोन; तो जितका मोठा तितका थेंब गोल) 150 अंशांच्या पुढे जातो आणि पत्रा जरा कलला तरी थेंब घरंगळतो. पत्रा लोखंडी असेल तर आधी निकेलचा पातळ थर द्या, नाहीतर तांबं पापुद्र्यासारखं सुटतं. खोलीत हवा खेळती हवी, आणि इथेनॉल रेक्टिफायरपासून (बाथला करंट पुरवणाऱ्या यंत्रापासून) लांब ठेवा, ते चटकन पेट घेतं. एक मात्र ध्यानात घ्या: हा थर घासला गेला किंवा त्याला साबण लागला की गुण जातो, त्यामुळे सतत हाताळायच्या वस्तूंसाठी मी तो सुचवणार नाही.