कोरी दिसणारी निगेटिव्ह: फोटो निघेल का?

वडिलांनी काढलेल्या आजीच्या कृष्णधवल फोटोची निगेटिव्ह जवळजवळ कोरी आहे आणि स्टुडिओवाल्याने "यात काही नाही" म्हणून ती परत दिली, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं इतक्यात खरं मानू नका. त्याने ती उजेडासमोर धरून पाहिली असणार.

तुम्ही काळं मखमली कापड पसरा. निगेटिव्हची चमक नसलेली बाजू वर ठेवून ती कापडापासून दोन बोटं उंच धरा आणि टॉर्चचा उजेड बाजूने, अगदी तिरका मारा. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. ही चांदी पांढुरकी दिसते, मोकळी जागा काळी, म्हणजे चित्र सुलटं! 1850 नंतरच्या काचेवरच्या अँब्रोटाइप फोटोंची युक्ती हीच: पातळ, म्हणजे कमी चांदीची फिकट निगेटिव्ह आणि पाठीमागे काळं.

चेहरा दिसला, तर तसाच त्याचा फोटो काढा. कॅमेरा स्टँडवर, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. एकच नको, हलवाहलव न करता आठ-दहा काढा आणि संगणकावर त्यांची सरासरी घ्या. कॅमेऱ्याचे दाणे कमी होतात, मग कॉन्ट्रास्ट बिनधास्त ताणता येतो. केसांतला, गडद लुगड्यातला तपशील मात्र विसरा. तिथं चांदी बसलीच नसेल तर आणायची कुठून?

रसायनांच्या वाटेला जाऊ नका. पातळ निगेटिव्ह गडद करायचं बायक्रोमेटचं द्रावण विषारी असतं, आणि निगेटिव्ह एकच आहे. मी डार्करूममध्ये नवखा असताना एक काळीठिक्कर निगेटिव्ह फेरिसायनाइड आणि हायपो या चांदी विरघळवणाऱ्या रसायनांच्या पाण्यात फिकी करायला टाकली, तेवढ्यात दारावर कोणी आलं म्हणून उठलो. परत येईतो नवरदेवाचा चेहरा धुऊन गेला होता. खरं तर काळ्या निगेटिव्हला नुसता जास्त उजेड पुरतो. चित्र तिच्यात असतंच. तेव्हा हे कोणी सांगितलं नाही.

पातळ निगेटिव्हवर भारी इलाज शोधला तो नासाच्या बार्बरा ॲस्किन्स यांनी. फिल्ममधली चांदी किरणोत्सर्गी करायची आणि तिच्या किरणांनीच दुसऱ्या फिल्मवर चित्र उमटवायचं! 1978 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आपल्या माजघरात जमण्यासारखं नाही, पण डोळ्यांना कोरं दिसतं तिथंही चित्र असू शकतं, हे त्यावरून कळतं.

आणि हो, निगेटिव्ह नारिंगी असेल तर ती रंगीत आहे. तिच्यात चांदी उरलेली नसते, नुसते रंग असतात. मखमलीचा उपयोग नाही. ती लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर ठेवूनच टिपा.