शिक्षकी, गाणं आणि वस्तीतलं काम: हौशी नाटकात याचा उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी शाळेत झाली, गाणं शिकलात, काही वर्षं वस्तीत मुलींच्या शिक्षणाचं काम केलंत. आता पन्नाशीत हौशी नाटकात उतरावंसं वाटतं, पण अभिनय शिकलेला नाही. जरूर उतरा. बडोद्यात माझी वाट जवळपास हीच होती.

गाण्याचा फायदा उघड आहे. संगीत नाटकात वाक्य ज्या सुरावर संपतं तिथूनच पद उचलावं लागतं. पेटीवाला सूर देईपर्यंत थांबलात तर प्रसंग तुटतो. गद्य नाटकातही दम कुठे घ्यायचा हे गाणाऱ्याला कळतं. फक्त मैफलीतल्या ताना आवरा.

शिकवण्याचं थोडं वेगळं आहे. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आणि पाठांतर तुमच्याकडे तयार आहे. पण शिक्षक वाक्य समजावून सांगतो. पात्र काही समजावत नसतं, त्याला समोरच्याकडून काहीतरी हवं असतं. दिग्दर्शकाला आधीच सांगून ठेवा: शिकवल्यासारखं वाटलं की तिथेच थांबवा.

माझ्या मते तुमच्याजवळचं सगळ्यात मोलाचं म्हणजे वस्तीतलं काम. मी एका महिला गटाबरोबर घरोघर जायचे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. त्यापुढे हायस्कूल लांब असलं की मुलगी घरी बसते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. अशा घरांत वडील आमच्याशी बोलायचे. आई खाली मान घालून गहू निवडत राहायची. ते उठून गेले की मग हळू आवाजात बोलायची, तेव्हाही हात थांबायचे नाहीत.

पुढे आमच्या मंडळाने देवलांचं ‘संगीत शारदा’ बसवलं आणि शारदेच्या आईचं काम माझ्याकडे आलं. शारदेचा बाप कांचनभट पैशांसाठी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, आणि आईला ते सोसत नाही. पदर डोळ्याला लावून हुंदके द्यायचे, अशी या कामाची रूढ पद्धत. मी दिग्दर्शकांना विचारलं, हातात सूप घेऊ का? ते हो म्हणाले. नवऱ्याशी बोलताना मी धान्य पाखडत राहिले, आवाज चढवलाच नाही. असं कुठल्याही शिबिरात मला मिळालं नसतं.

हे नाटक १८९९चं. १९०४मध्ये सयाजीरावांनी बडोदे संस्थानात बालविवाहाविरुद्ध कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा यायला १९२९ उजाडलं. (तो हरबिलास सारडा यांच्या नावाचा, नाटकातल्या शारदेशी त्याचा संबंध नाही.) १९०६मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं आणि मोफत झालं, मुलींनाही. गायक मौलाबक्षांची गायनशाळा तर त्याआधीच, १८८६मध्ये सुरू झाली होती. आज ती बडोद्याच्या विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. शाळा, गाणं आणि सुधारणा हे सगळं इथे एकाच राजवटीत उभं राहिलं. म्हणून ‘आधी शिक्षिका, मग गायिका, मग कार्यकर्ती’ अशी माझी वाटणी कुणी केली की मला ती पटत नाही.

प्रयोगाला मी वस्तीतल्या बायकांना बोलावलं होतं. बहुतेक गुजराती बोलणाऱ्या, म्हणून गोष्ट आधी गुजरातीत सांगितली. प्रयोगानंतर एकीने विचारलं, “आई मुलीला घेऊन माहेरी का गेली नाही?” त्यावर आमची एक अख्खी तालीम बोलण्यातच गेली, आणि पुढच्या प्रयोगात कांचनभटाशी बोलताना मी दाराकडे पाहू लागले.

सुरुवातीला मोठी भूमिका मागू नका. एका नाटकाला प्रॉम्प्टर म्हणून, म्हणजे विसरलेलं वाक्य आडून सुचवायला, बसा: रोज तालमीला जाणं होतं, सगळ्यांची वाक्यं कानावर पडतात, आणि कुणी आजारी पडलं तर काम तुमच्याकडेच येतं. वस्तीतलं काम मात्र तालमींसाठी सोडू नका.